पुन्हा सांगतो

ध्वनिफीत सुरू झाली आणि पहिल्या काही वाक्यांतच तिच्या मानेवर कोणीतरी गार बोट ठेवल्यासारखं झालं. शाळा सुटल्यानंतरची वेळ होती. शिक्षकांच्या खोलीत पंखा घरघरत होता, टेबलावर चहाचे कागदी पेले होते, आणि प्रशिक्षक म्हणून आलेला तरुण मोबाइल एका छोट्या स्पीकरला जोडून उभा होता. नवा विषय सुरू होणार होता, आठवी-नववीच्या मुलांसाठी: पैशाचे व्यवहार. बँकेत खातं कसं चालवायचं, व्याज म्हणजे काय, विमा कशाला, कर्ज घेताना काय वाचायचं आणि फसवणूक कशी ओळखायची. शेवटचा भाग मुलांना सगळ्यात आवडतो, असं तो तरुण म्हणाला होता आणि नमुना म्हणून एक फोन ऐकवत होता. फसवणारा माणूस आणि फसलेली एक बाई. त्या बाईंनीच तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. "ऐका," तो म्हणाला, "कुठेही धमकी नाही, घाई नाही." स्पीकरमधून एक मऊ, किंचित बसलेला तरुण आवाज येत होता. "थांबा मावशी. पेन खाली ठेवा. आधी डोळे मिटून अंदाज करा, फार येतंय की थोडं येतंय? हं. आता लिहा. नाही कळलं तरी चालेल, पुन्हा सांगतो."

नाही कळलं तरी चालेल, पुन्हा सांगतो. ते वाक्य तिच्या वडिलांचं होतं. तसं कोणीही बोलू शकतं, तिनं स्वतःला सांगितलं. पण कोणीही 'पुन्हा'वर असा किंचित रेंगाळत नाही, 'सांगतो' म्हणताना असा श्वास सोडत नाही. लहानपणी ती जेवणाच्या टेबलाखाली बसलेली असायची आणि वर शिकवणीची मुलं गणितं सोडवत असायची. बाबांचे पाय तेवढे तिला दिसायचे. कोणी चुकलं की त्या पायांचे अंगठे वर उचलले जायचे, काही क्षण तसेच थांबायचे, मग हळूच खाली यायचे आणि वरून ते वाक्य यायचं. राग त्या अंगठ्यांत संपायचा. बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. आणि इथे, चहाच्या पेल्यांच्या मधोमध, ते वाक्य जसंच्या तसं एका चोराच्या तोंडून येत होतं आणि सगळे कौतुकानं माना हलवत होते. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "काय गोड बोलतो हो. मीसुद्धा दिले असते." सगळे हसले. तीही हसली असावी, कारण गाल ताणल्याचं तिला जाणवलं.

मग वाद सुरू झाला. असा वाद शिक्षकांच्या खोलीत सुरू झाला की चहा गार होईपर्यंत चालतो. विज्ञानाच्या बाईंचं म्हणणं, हे कधीच शिकवायला हवं होतं. आपली पोरं त्रिकोणाचे कोन मोजतात आणि पहिला पगार हातात आला की गांगरून जातात. इतिहासाचे सर, ज्यांना सगळे 'आजोबा' म्हणत, खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हे घरचं काम आहे. चालणं शिकवता का तुम्ही शाळेत? जेवणं शिकवता? पैसा तसाच. बापाला बघून पोरगं शिकतं." "आणि बापच गोंधळलेला असला तर?" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "मग पोरगंही गोंधळेल. तुमच्या दोन तासांनी काय होणार?" मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहत सांगितलं की शिकवायचं की नाही हा प्रश्नच नाही, वरून आदेश आलाय, प्रश्न फक्त कोणी शिकवायचं एवढाच आहे. आणि मग त्यांची नजर फिरत फिरत तिच्यावर आली. ती भूगोल शिकवायची. "तुमचे वडील तर गणिताचे नावाजलेले शिक्षक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं. तुमच्या रक्तातच आहे." ती म्हणाली, "बघते." बघते म्हणजे हो, हे त्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

घरी जाताना तिनं नेहमीचा रस्ता सोडला. चपलांच्या दुकानावरून, दवाखान्यावरून ती चालत राहिली. संध्याकाळचं ऊन भिंतींवर पिवळं होऊन चिकटलं होतं. आपण कुठे चाललोय हे तिला कळत होतं आणि कबूल करायचं नव्हतं. बाबांचं घर आता दुसऱ्यांचं झालं होतं. खिडकीला वेगळे पडदे होते. त्या खिडकीमागे पूर्वी एक वेताची खुर्ची असायची आणि खुर्चीशेजारी स्टुलावर टेलिफोन. आई गेल्यानंतर बाबा दुपारी झोपेनासे झाले. जेवण आटोपून ते त्या खुर्चीत बसायचे. ती रविवारी जायची. घर झाडायची, भाज्या चिरून डब्यांत भरून ठेवायची, औषधं तपासायची. सगळं इतकं नीट करायची की बोलायला वेळच उरायचा नाही. निघताना विचारायची, "काही हवंय का?" बाबा म्हणायचे, "सगळं आहे." आणि खरंच सगळं असायचं. ओटा चकचकीत, डबे भरलेले, गोळ्या वारांप्रमाणे लावलेल्या. त्या चकचकीत घरात तिच्या पाठीमागे दार लागल्यावर काय उरत असेल, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नव्हता. आता मात्र तो दुसऱ्यांच्या पडद्याआडून तिच्याकडे पाहत होता.

तो आवाज त्या घरात केव्हा शिरला हे तिला नक्की सांगता आलं नसतं. आधी बाबांच्या बोलण्यात एक 'तो' यायला लागला. कुठल्याशा गुंतवणूक कंपनीतला मुलगा, दुपारी फोन करतो, चौकशी करतो. "बरं आहे," ती भाजी चिरता चिरता म्हणाली होती. त्यानं जे नाव सांगितलं होतं ते खोटंच असणार, म्हणून पुढे तिनं ते मनातसुद्धा कधी उच्चारलं नाही. एका रविवारी बाबांनी बँकेतून आलेले संदेश तिला वाचून दाखवायला सांगितले. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, आणि शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढलेले पैसे त्याच खात्यात होते. ती वाचत गेली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. शस्त्रक्रियेचे पैसे नव्हते. बरंच काही नव्हतं. वाचून झाल्यावर तिनं मोबाइल स्टुलावर ठेवला आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "बाबा, तो माणूस खोटा आहे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

तिला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "केव्हापासून माहीत आहे?"

"त्यानं व्याज सांगितलं तेव्हापासून. असं व्याज कोण देतं का? आयुष्य गेलं माझं त्यात."

"मग दिलेत कशाला?"

बाबांनी खुर्चीचे वेत चाचपले. एक वेत सुटला होता, तो बोटानं आत दाबायची त्यांना सवय होती. "त्याला चक्रवाढ येत नव्हती गं. नुसतं पाठ केलेलं बोलत होता. मी म्हटलं, थांब, हे असं कसं आलं ते सांग. तर फोन ठेवला त्यानं. मला वाटलं, गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. म्हणाला, सर, मी करून बघितलं, तुमचं बरोबर आहे. पण असं का होतं?" बाबांच्या अंधुक डोळ्यांत काहीतरी हललं. "असं का होतं, हे मला कोणी विचारलंय कधी? एवढी पोरं शिकवली. सगळ्यांना उत्तर हवं असायचं."

"बाबा, तो चोर आहे."

"आहेच की. मी कुठे नाही म्हणतोय?"

"आणि पैसे?"

"फी समज."

"फी विद्यार्थी देतो."

"हल्ली उलटं आहे," बाबा म्हणाले आणि हसले. खूप दिवसांनी ते तसे, खांदे हलवत हसले होते. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. त्या रागात तिनं सोमवारी रजा टाकली, बँकेत गेली, तिच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत अशी व्यवस्था केली. नवरा म्हणाला, पोलिसांत दे. बाबा म्हणाले, नको. बँकेच्या कागदांवर त्यांनी निमूटपणे सह्या केल्या, वर्गात पकडलेल्या मुलानं वही पुढे करावी तशा. डोळ्यांचा खर्च ती करणार होती, तारीखही ठरत आली होती, पण बाबांनीच टाळाटाळ केली. "बघण्यासारखं आता काय राहिलंय? ऐकू येतंय ना, झालं." पुढच्या एका रविवारी ती डबे भरत असताना ते सहज सांगावं तसं म्हणाले, "अजून करतो हं तो फोन." तिनं हातातल्या डब्याचं झाकण लावलं. मिळण्यासारखं काही उरलं नसताना चोर कशाला फोन करेल? बाबा मला वाईट वाटावं म्हणून सांगतायत, असं तिनं तेव्हा ठरवून टाकलं.

बाबा झोपेतच गेले. त्यानंतर घर आवरायला ती एकटी गेली होती. दुपार होती, खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन रिकाम्या वेताच्या खुर्चीवर पडला होता, आणि टेलिफोन वाजला. तिनं उचलला. पलीकडून आवाज आला, "सर?" तिनं तो आवाज आधी कधीच ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला. ओरडायचं, शिव्या द्यायच्या, हे सगळं तिनं मनात किती वेळा घोकून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "सर गेले." मग त्यानं विचारलं, "झोपेत?" "हो." "त्रास नाही ना झाला त्यांना?" हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. भेटायला आलेल्यांनी वय विचारलं, आजार विचारला, घराचं काय करणार तेही विचारलं. ती रडायला लागली, त्या चोराच्या कानात, सगळ्या नातेवाइकांसमोर कोरडी राहिलेली ती. त्यानं फोन ठेवला नाही. तिचं रडणं ओसरल्यावर म्हणाला, "ताई, पाणी प्या." ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली आणि परत येऊन तिनं रिसीव्हर उचलला, तर फोन बंद झाला होता. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि त्यानंतर दुपारी कुठेही फोन वाजला, शेजारच्या बिऱ्हाडात, शाळेच्या कचेरीत, दुकानात, की तिला पाणी प्यावंसं वाटायचं.

आता दुसऱ्यांच्या पडद्यांकडे पाहत ती रस्त्यावर उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ध्वनिफितीतली बाई. बाबांनी शिकवलेलं सगळं घेऊन तो आवाज दुसऱ्या दारात गेला होता. बाबांची सबुरी, बाबांचं 'थांबा', बाबांचं 'पेन खाली ठेवा'. नुसतं पाठ केलेलं बोलणाऱ्या पोराला बाबांनी शिक्षक करून सोडलं होतं. शिक्षकावर माणसं विश्वास ठेवतात.

ध्वनिफितीतल्या बाईंचा पत्ता तिनं मागितला तेव्हा प्रशिक्षकानं थोडे आढेवेढे घेतले, मग बाईंना विचारून तो दिला. त्या निवृत्त परिचारिका होत्या. एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्यांची दोन खोल्यांची जागा होती, जिन्यात फिनाइलचा वास. दार उघडणाऱ्या बाई उंच, ताठ होत्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. आयुष्यभर वॉर्डावर हुकूम चालवल्याची सवय त्यांच्या हनुवटीत राहिली होती. "तुम्ही शाळेतून आलात ना? बसा. कीव करायला आला असाल तर आत्ताच सांगते, मला आवडत नाही." ती म्हणाली, कीव करायला नाही आले. मग कशाला आलात, असं त्यांनी नजरेनंच विचारलं, आणि तिला जे नीट घोळून सांगायचं होतं ते एकदम तोंडातून निघून गेलं. "तो जसा बोलतो ना, थांबा, अंदाज करा, पुन्हा सांगतो, ते माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी शिकवलंय त्याला."

परिचारिकाबाईंनी तिला निरखून पाहिलं. तिला वाटलं, आता उठून जा म्हणतील, आणि म्हणणं रास्त होईल. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सरांची मुलगी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तो सारखं सरांचंच सांगायचा. माझे सर असं म्हणायचे, माझे सर तसं म्हणायचे. मला आधी वाटलं, थापा. असतात यांच्या ठरलेल्या गोष्टी. तोवर मी एक पैसा दिला नव्हता, नुसती मजा बघत होते. मग एक दिवस फोन आला आणि बोलेचना. म्हटलं, काय झालं रे? तर म्हणे, मावशी, सर गेले. आणि रडला." त्यांनी पदराची कड सरळ केली. "मी रडणारी माणसं जन्मभर बघितली आहेत. इस्टेटीसाठी रडणारी, लोकांसाठी रडणारी, सुटलो एकदाचे म्हणून रडणारी. खोटं रडणं मला भिंतीपलीकडून कळतं."

"मग? खोटं होतं?"

"नव्हतं ना. तिथंच घात झाला. ते खरं होतं म्हणून मी बाकीचंही खरं धरलं. आणि पुढच्या आठवड्यात सगळं घेऊन गेला माझं. अजून मला कळत नाही, रडला तो कोण आणि घेऊन गेला तो कोण. पोलीस म्हणतात एकच. असेल."

बाहेर कुठेतरी नळ गळत होता. तिला उठायचं होतं आणि उठवत नव्हतं. या बाईंचं जे गेलं त्यात बाबांचा किती वाटा, आपला किती, हे मनात मांडून बघायचा ती प्रयत्न करत होती आणि ते मांडलं जात नव्हतं. तेवढ्यात परिचारिकाबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "रस्त्याची ती भीती गेली का हो त्यांची शेवटी?"

"कुठला रस्ता?"

"ते एकदा रस्ता चुकले होते ना. औषधं आणायला म्हणून निघाले आणि घर कुठल्या बाजूला तेच आठवेना. एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, दुकानदाराला वाटलं दमलेत. मग आठवलं. पण पुढे भीती बसली. बाहेर जाताना दार ओढताना हात थरथरायचा म्हणे. मुलीला सांगू नकोस, असं बजावलं होतं त्यांनी त्याला. ती काळजीत पडेल, म्हणाले, आणि मग मला एकट्याला राहू देणार नाही." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं."

तिला माहीत नव्हतं. रविवारी दारात उभं राहून तिनं विचारलं होतं, काही हवंय का, आणि त्या थरथरत्या हातानं बाबांनी तिला टाटा केला होता. बाबांचं सगळ्यात मोठं भय एका चोराकडे होतं. चोरानं ते आणखी एका अनोळखी बाईला दिलं होतं, आणि आता ते इतक्या हातांतून फिरत, फिनाइलच्या वासाच्या या खोलीत तिच्याकडे आलं होतं. बाबांची आणखी किती माहिती अशी फिरत असेल? कोणाकोणाच्या दुपारी, कुठल्या कुठल्या टेलिफोनांतून तिचा बाप अजून बोलत असेल, पेन खाली ठेवा म्हणत असेल, आणि पलीकडचं माणूस निर्धास्त होऊन पेन खाली ठेवत असेल? निरोप घेताना तिनं 'माफ करा' असं काहीतरी म्हणायला सुरुवात केली. परिचारिकाबाईंनी ते वाक्य हातानंच थांबवलं. "तुमच्या वडिलांवर माझा राग नाही. मला ते आवडायचे. हे विचित्र आहे, मला माहीत आहे."

नव्या विषयाचा पहिला तास दुपारच्या सुट्टीनंतर होता. नववीचा वर्ग जेवून सुस्तावलेला होता, मागच्या बाकांवर कुजबुज. प्रशिक्षकानं दिलेली ध्वनिफीत तिच्या मोबाइलमध्ये होती. ती वाजवायची नाही असं तिनं ठरवलं होतं आणि तरी वाजवली, कारण न वाजवून तो आवाज कुठे थांबणार नव्हता. सबंध वर्ग गप्प झाला. "मावशी, पेन खाली ठेवा..." ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, मुलांना चेहरा दिसू नये म्हणून. ध्वनिफीत संपल्यावर तिनं विचारलं, "सांगा, कुठे कुठे फसवलंय त्यानं?" हात वर झाले. तो आधी ओळख काढतो. तो मावशी म्हणतो. तो एवढं व्याज सांगतो, ते कसं शक्य आहे? तो दुसऱ्या कोणाला विचारू देत नाही. मुलं हुशार होती. तिनं मुद्दे फळ्यावर लिहिले, खडूची भुकटी मनगटावर पडत राहिली. विज्ञानाच्या बाई बरोबर होत्या, हे सगळं शिकवता येत होतं, आणि मुलं भराभर शिकत होती. एवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी फारसं न बोलणारी, वेण्या घट्ट, बाहीला शाईचा डाग. "बाई, पण समजा त्या माणसाला माहीत असलं, की हा खोटा आहे. तरी त्याला बोलायला आवडत असलं, तर? तर काय करायचं?"

वर्ग हसला. कोणीतरी मागून म्हणालं, "मग तो येडाच की." मुलगी बसली नाही. तिचे कान लाल झाले होते. 'आजोबा' सरांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं, पुस्तकात काय लिहिलं होतं, हे तिनं घाईघाईनं आठवून पाहिलं. तिनं हातातला खडू खाली ठेवला, हसणाऱ्यांना एका नजरेत गप्प केलं आणि त्या मुलीला म्हणाली, "याचं उत्तर मला माहीत नाही. तास संपल्यावर थांब."

मुलं खेळाच्या तासाला गेली आणि वर्ग रिकामा झाल्यावर तिनं विचारलं, "घरी कोणाला येतो फोन?"

"आजीला," मुलगी म्हणाली. "रोज दुपारी. आम्ही कोणी नसतो तेव्हा. मी सांगितलं तिला, हा फसवेल. तर म्हणते, अगं, मला काय कळत नाही का? बोलू दे बिचाऱ्याला."

"पैसे दिले?"

"अजून नाही. पण परवा आईला विचारत होती, माझ्या बांगड्या कुठल्या कपाटात आहेत."

"आईला सांगितलंस?"

"आई म्हणते, फोनच काढून टाकते. मग आजी दोन दिवस जेवली नाही."

तिनं मुख्याध्यापिकांना निरोप ठेवला आणि मुलीबरोबर निघाली. वाटेत मुलगी बरंच बोलत होती, ती हं हं करत होती. हा फोन करणारा तोच असेल का, हा विचार पावलागणिक तिच्याबरोबर चालत होता. नसेलही, असे पुष्कळ असतात. आणि तोच असला तर? आजीच्या हातातून रिसीव्हर घेऊन आपण काय बोलणार? शिव्या देणार, की बाबा आणखी काय काय बोलले होते ते विचारणार? दुसरी शक्यताच खरी होती, हे तिला कळत होतं.

पण फोन वाजला नाही. मुलीनं किल्लीनं दार उघडलं आणि दप्तर टाकायला आत गेली. बैठकीत, खिडकीला पाठ करून, एक लहानखुरी म्हातारी बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. तिनं पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही काय विकायला आलात?"

"काही नाही."

"मग?"

"मी हिच्या शाळेत शिकवते."

"पोरीनं काही केलं का?"

"नाही, नाही. सहज आले."

"सहज कोणी येत नाही," म्हातारी म्हणाली, पण पाय स्टुलावरून खाली घेतले. "बसा. त्या फोनबद्दल सांगायला आला असाल तर राहू दे. मला सगळं माहीत आहे."

ती बसली. भिंतीवर घड्याळ होतं, त्याची टिकटिक आत्तापर्यंत ऐकू येत नव्हती, ती आता ऐकू यायला लागली. काहीतरी बोलायला हवं होतं. तब्येत कशी आहे? तो रोज विचारत असणार. जेवलात का, झोप लागते का, गुडघे काय म्हणतात? तेही सगळं तो विचारून बसला असणार, तिच्यापेक्षा मऊ आवाजात, थांबून थांबून. मायेचा जो जो शब्द तिच्या ओठांवर येत होता त्यावर त्याची बोटं उमटलेली होती. काही हवंय का, हे मात्र तिचं स्वतःचं होतं, आणि ते ती आता जन्मात कोणाला विचारू शकणार नव्हती. म्हातारी तिच्याकडे पाहत होती. त्या नजरेत हेटाळणी नव्हती, नुसती वाट पाहणं होतं, बोला, तुम्हीही बोला, असं. उन्हात चालून आल्यानं तिला घेरी आल्यासारखं वाटत होतं. तासाच्या धास्तीनं सकाळपासून पोटात काहीच गेलेलं नव्हतं.

"मला भूक लागली आहे," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. म्हातारीनं भुवया वर केल्या. "भूक?"

"हो. सकाळपासून काही खाल्लंच नाही."

"डबा नेत नाही का तुम्ही मास्तरणी?"

"नेला होता. जेवण गेलं नाही."

म्हातारीनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि जोर देऊन उठली. "मग हे आधी सांगायचं सोडून सहज काय, नि शाळा काय. अंडं चालतं ना? उकडून देते. पाव आहे. सकाळचा आहे, पण भाजला की चांगला लागतो." ती मदतीला उठू लागली तशी म्हातारीनं तिला हातानंच खाली बसवलं. "बसा तिथंच. मला माझ्या स्वयंपाकघरात कोणी लुडबुडलेलं चालत नाही. ही पोरगी ओळखून आहे."

आतून मुलीनं काहीतरी विचारलं, म्हातारीनं तिच्यावर आवाज चढवला. पातेलं खाली घेतल्याचा आवाज आला, नळ सुटला, काडी ओढली गेली. ती बैठकीत हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. दारातून म्हातारी मीठ शोधायला या फडताळाकडून त्या फडताळाकडे जाताना दिसत होती, आणि तिच्या चालण्यात घाई होती.